मोदक का फुटतात?

गणपतीला चार दिवस उरले होते. दुपारची वेळ. पाककृतींच्या एका मराठी फेसबुक ग्रुपवर एका मुलीनं ताटाचा फोटो टाकला. अकरा मोदक, त्यातले सात पोटाशी उललेले, एकातून गुळाचा पाक ओघळून स्टीलच्या ताटावर वाळलेला. खाली एवढंच: "उकड नीट मळली तरी फुटतायत. काय चुकतंय?" चार मिनिटांत पहिली कमेंट आली. एका काकांची, प्रोफाइलवर विठ्ठलाचा फोटो. "आमच्याकडे हे सातवीतल्या पोरीला येतं. पण हल्ली बोटं मोबाइलवरच जास्त फिरतात ना." शेवटी जीभ बाहेर काढलेला पिवळा चेहरा. संध्याकाळपर्यंत खाली तीनशेच्या वर कमेंट जमल्या. त्यात नोकरी करणाऱ्या बायका आल्या, कोकण विरुद्ध घाट आलं, उकडीचे की तळणीचे हे आलं, मोदक मुळात कुणाचे यावरून जात आली, आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला, कुठून कोण जाणे, पेशवाई आली. काका मधे फक्त दोनदा बोलले. एकदा "अहो ताई, गंमत केली हो" आणि एकदा "खरं बोललं की मिरच्या झोंबतात". सकाळी अ‍ॅडमिननं कमेंट बंद केल्या. ती मुलगी मात्र तिसऱ्या कमेंटनंतर तिथे दिसलीच नाही.

मोदक का फुटत होते, ते राहूनच गेलं.

असल्या धाग्यात खटकत राहते ती काकांची कमेंट नव्हे, तिची घडण. दोन वाक्यं, शिवी एकही नाही, कुणाचं नाव नाही, जात नाही, पक्ष नाही. ग्रुपच्या नियमावलीत बसवायला गेलं तर कशातच बसणार नाही. तरी तिला तीन टोकं आहेत: तुला येत नाही, तुझ्या पिढीला येत नाही, आणि बाईमाणसाला आलं पाहिजे. वाचणारा कुठल्या ना कुठल्या टोकाला अडकतोच. शेवटचा तो पिवळा चेहरा म्हणजे पळवाट. कुणी चिडलं की "गंमत कळत नाही" म्हणायची सोय आधीच करून ठेवलेली. आपल्याकडे याला काडी टाकणं म्हणतात आणि शब्द नेमका आहे. काडी टाकणारा जाळत काहीच नाही. सुकं गवत आधीपासून पडलेलं असतं, तो फक्त वाऱ्याची दिशा बघतो.

यालाच इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळही फार वेगळं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युजनेटवर, म्हणजे वेब घराघरात पोचायच्या आधीच्या चर्चागटांत, जुनेजाणते लोक नवख्यांसाठी मुद्दाम एखादा शिळा, शंभरदा चघळलेला प्रश्न भोळेपणाने टाकत. जुने ओळखून गप्प बसत, नवखा तावातावाने उत्तर द्यायला धावे आणि सगळे हसत. चालत्या होडीमागून आमिष लावलेली दोरी ओढत नेतात, त्या मासेमारीवरून हा शब्द आला. पुलाखाली बसणारा लोककथेतला ट्रोल नावाचा राक्षस त्याला नंतर येऊन चिकटला. राक्षस म्हटलं की आपण त्याच्याकडे बघत बसतो. मासेमारी म्हटलं की लक्ष माशाकडे जातं. मराठीत "गळाला लागणं" हा वाक्प्रचार कधीपासून आहे, आणि त्यात लाज गळ टाकणाऱ्याची नसून लागणाऱ्याची असते, हेही गमतीचंच.

मराठी मंडळी आंतरजालावर भांडायला लागली तीही बरीच आधी. मायबोली १९९६ची, मिसळपाव २००७चं. फेसबुक ग्रुप येण्याआधी या संस्थळांवर ट्रोलिंगचं अख्खं शब्दभांडार तयार झालं होतं आणि आजच्या कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शिकेपेक्षा ते जास्त उपयोगी आहे. जाता जाता तिरकस एकोळी टाकून निघून जाणं म्हणजे "पिंक टाकणं". कुणी विचारलेलं नसताना पाडलेला भारंभार धागा म्हणजे "जिलबी". मूळ विषय सोडून दोन गटांत कायमची जुंपली की "धाग्याचं काश्मीर झालं". एकाच माणसानं घेतलेलं दुसरं नाव म्हणजे "डुआयडी". आणि या सगळ्यावरचा उपाय, "फाट्यावर मारणं", म्हणजे सरळ दुर्लक्ष करणं. ऐसी अक्षरे या संस्थळावर तर प्रतिसादाला श्रेणी देता येते: मार्मिक, माहितीपूर्ण, खवचट, अवांतर, निरर्थक, भडकाऊ, कैच्याकै. यातला खवचट आणि भडकाऊ यांच्यातला फरक ज्याला कळला, त्याला ग्रुप चालवणं निम्मं जमलं. खवचट माणूस मुद्द्याला धरून बोचतो, आणि उलट कुणी बोचलं तर दाद देतो. भडकाऊ माणसाला मुद्द्याशी देणंघेणं नसतं. त्याला उत्तर दिलंत, पुरावा दिलात, तर तो पुराव्यावर बोलत नाही, पुढच्या विषयावर उडी मारतो. ओळखायची साधी खूण हीच. एकदा, फक्त एकदाच, सरळ उत्तर देऊन बघावं. गैरसमज झालेला माणूस त्या उत्तराला धरून बोलतो, खोड काढायला आलेला ते ओलांडून जातो.

खवचटपणा सरसकट उपटून टाकावा असंही मला वाटत नाही. तो गेला की ग्रुपवर उरतात ती गुलाबांची शुभ सकाळ आणि वाफाळत्या चहाचे कप. नळावरच्या भांडणांत बायका जे बोलत त्यात विनोद होता, भाषा होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायका एकमेकींची घागर उचलून देत. समोरची हंड्याला हात लावते की नाही ते दिसत होतं. पडद्यावर ते दिसत नाही. आपण टाकलेली ओळ वाचून कुणी फोन उलटा ठेवला, कुणी डोळे पुसले, कुणी ग्रुप सोडला, यातलं काहीही टाकणाऱ्याच्या कानावर येत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी २००४ मध्ये या सैल सुटण्याची कारणं मांडली, त्यात हे न दिसणं आहेच. शिवाय उत्तर लगेच ऐकावं लागत नाही, टाकून निघून जाता येतं, हेही आहे. पिंक टाकणं हा शब्द किती अचूक आहे ते इथे कळतं.

काकांसारखी माणसं जन्मजातच तशी असतात असं मानायचा मोह होतो. काही असतातही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की ज्यांना ट्रोलिंग करायला आवडतं असं ते स्वतःच सांगतात, त्यांच्यात दुसऱ्याला छळण्यातला आनंद ठळकपणे आढळतो. पण २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी ६६७ जणांवर केलेला प्रयोग अस्वस्थ करणारा आहे. काहींना आधी सोपी कोडी दिली, काहींना मेंदू पिळवटणारी. मग सगळ्यांना एक लेख वाचून कमेंट लिहायला सांगितलं. काहींना लेखाखाली आधीच्या सभ्य कमेंट दिसत होत्या, काहींना वाकड्या. मूड बरा आणि वरच्या कमेंट सभ्य, तर सुमारे ३५ टक्के लोकांनी ट्रोलिंगमध्ये मोडेल असं लिहिलं. मूड बिघडलेला आणि वर आधीच चिखल, तर ६८ टक्के. म्हणजे दुप्पट जवळजवळ, आणि माणसं दोन्हीकडे सारखीच, तुमच्याआमच्यासारखी. सीएनएनच्या संकेतस्थळावरच्या कमेंट तपासल्या तेव्हा असं लिखाण रात्री उशिरा आणि सोमवारी जास्त आढळलं. मोदकांच्या धाग्यात पेशवाई साडेअकरालाच का आली, याचं उत्तर कदाचित एवढंच असेल.

यातून कामाची गोष्ट निघते ती अशी, की पहिल्या तीन-चार कमेंट सांभाळल्या की धागा बराचसा सांभाळला जातो. अ‍ॅडमिन बहुतेक वेळा येतात ते दोनशेव्या कमेंटनंतर, कुणी टॅग केल्यावर, आणि तेव्हा करण्यासारखं फक्त कुलूप लावणं उरतं. मोठ्या ग्रुपवर, विशेषतः सणाच्या आठवड्यात आणि निवडणुकीच्या महिन्यात, नव्या पोस्टच्या पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी जाणता माणूस तिथे फिरकला पाहिजे. फिरकून त्यानं काकांना झापायचं नाही. काकांच्या कमेंटला उत्तरच द्यायचं नाही. मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं, नीट, मोजमापासकट, आणि विचारणारीला नावानं हाक मारून. "उकड किती पाण्याची घेतली? पीठ विकतचं की घरचं?" असा एक उलट प्रश्न विचारला की संभाषणाचा ओघ पुन्हा तिच्याकडे वळतो. नंतर येणारे लोक वरचं वाचून त्याच सुरात लिहितात. फेसबुकवर यात आणखी एक खोच आहे. ज्या कमेंटखाली उत्तरांची रांग लागते, ती वर चढते. "काका, तुमच्यासारख्यांमुळेच..." अशी तळमळून लिहिलेली चाळीस उत्तरं मिळून काकांना व्यासपीठ बांधून देतात. विकिपीडियावर उपद्रवी लोकांच्या बाबतीत जुना शिरस्ता आहे: ओळखच द्यायची नाही. बिघडवलेलं गुपचूप पूर्ववत करायचं, रागाचा शेरा नाही, पराक्रमांची यादी नाही.

कमेंट काढायची तर लवकर आणि न बोलता. "सदर कमेंट ग्रुपच्या नियमांत न बसल्यामुळे काढण्यात येत आहे, सदस्यांनी नोंद घ्यावी" असा फतवा काढला की ज्यांनी ती वाचलीच नव्हती ते स्क्रीनशॉट मागायला लागतात. काढण्याआधी आपल्याकडे एक प्रत मात्र जरूर ठेवावी, तारीख-वेळ दिसेल अशी. मग त्या माणसाला खासगीत एकच निरोप: कुठलं वाक्य काढलं, का काढलं, पुन्हा झालं तर काय होईल. तीन ओळी. चौथी ओळ लिहिली की वाद सुरू. त्यानं उलट पाचशे शब्द पाठवले तर "वाचलं" एवढं लिहून थांबायचं. आणि "शेवटची ताकीद" ही खरोखर शेवटची असली पाहिजे. तीनदा शेवटची ताकीद दिलेला अ‍ॅडमिन आणि दर पावसाळ्यात शेवटचं बुजवलेला खड्डा, दोन्हीवर कुणाचा विश्वास नसतो.

आयडी उडवला की तो परत येतो, हे धरूनच चालायचं. डुआयडी पकडायला हल्ली लोक फार तांत्रिक शेरलॉकगिरी करतात, पण त्याची भाषा आधी पकडली जाते. ठरावीक अशुद्ध लेखन, पूर्णविरामाऐवजी तीन टिंबं, "असो" नं संपणारा परिच्छेद, एकाच सदस्याच्या मागे हात धुऊन लागणं. माणूस नाव बदलतो, "असो" बदलत नाही. तरी पकडल्याचा जाहीर जल्लोष करू नये. एक तर चूक होऊ शकते आणि निरपराध माणसाचा अपमान होतो. दुसरं म्हणजे पकडापकडी हाच त्याचा खेळ असतो. त्यापेक्षा दारातच थोडं अडवलेलं बरं. फेसबुक ग्रुपला आत घेण्याआधी तीन प्रश्न विचारता येतात. "नियम मान्य आहेत का?" याला सगळे हो म्हणतात. "तुमच्या घरी पुरणाला गूळ घालतात की साखर, आणि का?" याला उत्तर लिहायचा कंटाळा करणारे बाहेरच राहतात. मेटाफिल्टर नावाच्या अमेरिकी संस्थळानं नव्या सदस्यांकडून पाच डॉलर घ्यायला सुरुवात केली, त्यामागे हेच तत्त्व आहे. रक्कम कुणाला जड नाही, पण दहाव्यांदा नवा आयडी काढताना खिशाला जाणवते.

खरं नाव सक्तीचं करा, सगळं सरळ होईल, असं दर वादानंतर कुणीतरी म्हणतंच. दक्षिण कोरियानं २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ते करून पाहिलं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या संकेतस्थळावरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो नियमच रद्द केला. इतकं लांब जायलाही नको. मोदकांवर घसरलेले काका खऱ्या नावानं, खऱ्या गावासह, नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोंसकट तिथे हजर होते. त्यांच्या मते ते ट्रोल नव्हतेच. ते रोखठोक होते.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट निराळी, कारण तिथे माणसं ओळखीची असतात. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, भाऊबंदांचा ग्रुप. तिथला काडी टाकणारा म्हणजे बी विंगमधले काका किंवा सख्खा मामा, त्याला उद्या लिफ्टमध्ये भेटायचं आहे. अ‍ॅडमिनची भीती वेगळीच: कुणी काही भलतं टाकलं तर पोलीस मला धरतील का? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, समान हेतू किंवा आधीच ठरवून केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. अ‍ॅडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच मर्यादित असतं, असा त्यामागचा विचार होता. पुढच्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपनं अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली. ती जपून वापरावी, कारण पुसलेल्या जागी कुठल्या अ‍ॅडमिननं पुसला ते नावासकट दिसतं आणि पुढचा तासभर मेसेजपेक्षा पुसण्यावर चर्चा चालते. त्यापेक्षा आधी फोन. लिहून नाही, फोन. "मामा, तेवढा मेसेज तुम्हीच काढा ना" हे आवाजात म्हटलं की दहांतले सात जण काढतात, हा माझा अंदाज. पेटलंच तर रात्रीपुरतं "फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील" करून ठेवावं. सकाळी पाण्याच्या टँकरचा मेसेज टाकून ग्रुप उघडावा. टँकरपुढे कुठलाही वाद टिकत नाही.

त्याच २०२२ मध्ये आणखी एक बदल आला आणि तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. ग्रुप सोडणाऱ्याचं नाव आता सगळ्यांना दिसत नाही, फक्त अ‍ॅडमिनला कळतं. पूर्वी "अमुक लेफ्ट" अशी ओळ आली की निदान कुणी विचारायचं, अरे काय झालं? आता माणसं आवाज न करता निघून जातात. ग्रुपच्या माहितीत मात्र गेल्या साठ दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी असते. वाद संपल्यावर अ‍ॅडमिननं काडी टाकणाऱ्याचं काय करायचं यावर डोकं खाजवण्याआधी ती यादी उघडावी. बहुतेकदा तिथे न भांडलेल्यांचीच नावं सापडतात. कधीतरी एखादा प्रश्न विचारणारे, पुण्याहून सोलापूरला जाताना गाडीत जागा आहे का विचारणारे, आईच्या डायबिटीससाठी डॉक्टर सुचवा म्हणणारे.

दुर्लक्ष करा, हा सल्ला कुठे थांबतो तेही सांगायला हवं, कारण तो सल्ला बायकांना नको तितका दिला गेला आहे. मोदकांवरची पिंक फाट्यावर मारता येते. घराचा पत्ता, मुलीच्या शाळेचं नाव, फोटोवर केलेली छेडछाड, "बघून घेतो" अशा गोष्टी आल्या की ते ट्रोलिंग राहत नाही. तिथे ब्लॉक करण्याची घाई करू नये, आधी पुरावा. स्क्रीनशॉटमध्ये नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेवली पाहिजे, कारण नाव आणि फोटो रात्रीत बदलतात, आणि नुसत्या कातरलेल्या चित्रावरून पोलिसांनाही पुढे जाता येत नाही. मग ज्या अ‍ॅपवर हे घडलं त्या कंपनीकडे रिपोर्ट, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात तक्रार, आणि हे सगळं झाल्यावर ब्लॉक. नकार देऊनही ऑनलाइन पाठलाग करणं, बाईच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. "६६ अ लावा त्याला" असं अजूनही लोक कमेंटमध्ये लिहितात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्याला निमित्त झालेली एक घटना आपल्या पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बंदबद्दलच्या एका साध्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुण मुलींना अटक झाली होती. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं लाइक केलं होतं. ट्रोलना आवरायला म्हणून हातात दिलेली काठी कुणाच्या पाठीत बसते, ते तेव्हा दिसलं.

मोदकांचा तो धागा अजून तिथे आहे, कुलूप लावलेला. वरून खाली सरकत गेलं तर भांडणं शिळ्या भजीसारखी लागतात. कोण कुणाला का चिडलं हेही आता नीट कळत नाही. अठ्ठ्याऐंशीवी कमेंट एका आजींची आहे. वरच्या सत्त्याऐंशी त्यांनी वाचल्या नसाव्यात. वाचल्या असतील तर त्या आजी थोर आहेत. त्यांनी लिहिलंय: "बाळा पीठ जुनं असेल. आंबेमोहोराचं ताजं दळून आण. एक वाटी पाण्याला एक वाटी पीठ, चमचाभर लोणी, मीठ चवीला. पाण्याला उकळी आली की पीठ टाकून हलव, झाकण ठेवून दोन वाफा काढ, हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळ. थंड झाल्यावर मळलंस तर चिरणारच. पारी कडेला पातळ, बुडाला जाड ठेव. सारण गार करून भर, गरम सारणाची वाफ कोंडून फुटतात. उकडायच्या आधी प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून काढ. दहा-बारा मिनिटं पुरे. झाले की फोटो टाक."

त्या कमेंटला एक लाइक आहे. त्या मुलीचा नाही. तिचं नाव आता ग्रुपच्या सदस्यांत शोधून सापडत नाही.